‘कोडप्रमाणे आहे’ म्हणजे किती?

ताई, नमस्कार. आम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटच्या बाहेर एका नव्या वसाहतीत घर बुक केलंय. दुमजली, २,४०० चौरस फुटांचं, गॅरेजवर एक बोनस रूम. पाया झालाय, पुढच्या आठवड्यात फ्रेमिंग, म्हणजे लाकडी सांगाडा, सुरू होईल. माझा दीर मेरीलँडला असतो. त्याने २०२१ मध्ये नवं घर घेतलं तेव्हा हवागळतीच्या चाचणीचा कागद त्याच्या हातात पडला होता. तो म्हणाला, तुम्हीही मागा. आमच्या सेल्स एजंटला विचारलं तर ती म्हणाली, ‘इथे ती चाचणी सक्तीची नाही, इन्स्पेक्टर डोळ्यांनी बघून जातो. घर पूर्णपणे कोडप्रमाणे आहे, काळजी करू नका.’ एकाच देशात दोन नियम कसे? आमच्याकडे सहा हजार डॉलर बाजूला ठेवलेत. ते क्वार्ट्झच्या ओट्यासाठी होते. दीर म्हणतो, भिंतीत घाला. नवरा म्हणतो, भिंतीतलं कोण बघतं, आणि रोज नवे प्रश्न विचारले तर बिल्डर आपल्याला कटकटे समजून कामात हयगय करेल. काय करू?
— शार्लटची एक वाचक

तुमचं पत्र अगदी वेळेवर आलं. हेच पत्र दोन महिन्यांनी आलं असतं, तर मला फक्त हळहळता आलं असतं. फ्रेमिंग अजून व्हायचंय म्हणजे भिंती उघड्या आहेत, आणि भिंती उघड्या आहेत तोवर जवळजवळ सगळं हातात आहे.

आधी तुमच्या एजंटबद्दल. ती खोटं बोललेली नाही. घर कोडप्रमाणे असणार, यात मला शंका नाही. पण ‘कोडप्रमाणे’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर पहिला नंबर येतो, आणि गोंधळ तिथेच होतो. कोड म्हणजे बांधकामाचे किमान नियम, काठावर पास होण्याचे गुण. त्याहून वाईट घर बांधलं तर ते बेकायदा ठरेल, एवढाच त्याचा अर्थ. आणि पास होण्याचे गुण किती असावेत, हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं.

अमेरिकेत घरबांधणीचा एकच राष्ट्रीय कायदा नाही. घर कसं बांधावं हा विषय राज्यांचा. इंटरनॅशनल कोड कौन्सिल नावाची संस्था दर तीन वर्षांनी ऊर्जाबचतीचा एक नमुना कोड काढते, त्याला आयईसीसी म्हणतात. २००९, २०१२, २०१५, २०१८, २०२१, २०२४ अशा त्याच्या आवृत्त्या. नवी आवृत्ती निघाली की केंद्राचं ऊर्जा खातं हिशेब करून सांगतं की आधीच्यापेक्षा किती ऊर्जा वाचेल. २०२१ च्या आवृत्तीने २०१८ च्या तुलनेत सुमारे ९ टक्के वाचेल असं त्यांनी जाहीर केलं होतं. १९९२ च्या एनर्जी पॉलिसी ॲक्टनुसार त्यानंतर प्रत्येक राज्याने आपला कोड तपासून पाहायचा असतो. फक्त तपासायचा. घरांच्या बाबतीत तो स्वीकारलाच पाहिजे असं बंधन नाही. राज्य म्हणू शकतं, ‘पाहिलं, आम्हाला नको.’

त्यामुळे नकाशा गोधडीसारखा झाला आहे. कॅलिफोर्नियाने १९७३ च्या तेलटंचाईनंतर स्वतःचाच रस्ता धरला. १९७८ पासून त्यांचे नियम वेगळे आहेत आणि २०२० पासून तिथल्या बहुतेक नव्या घरांच्या छपरावर सौर पॅनेल लागतात. मॅसॅच्युसेट्सने २००९ मध्ये राज्याच्या कोडवर आणखी एक कडक पायरी चढवली आणि कोणत्या गावाने ती घ्यायची ते गावांवर सोडलं. मिसुरी, कॅन्सस, ॲरिझोना इथे घरांसाठी राज्यभराचा सक्तीचा ऊर्जा कोडच नाही. शहर किंवा काउंटी ठरवेल ते. मेरीलँडच्या कायद्यात नव्या आवृत्तीकडे ठरावीक मुदतीत जायची तरतूद आहे, म्हणून तुमच्या दिराचं राज्य नेहमी पुढच्या रांगेत असतं.

आणि नॉर्थ कॅरोलायना? तुमचा घरांचा ऊर्जा कोड २०१८ चा म्हणून ओळखला जातो. तो लागू झाला २०१९ च्या सुरुवातीला, पण त्याच्या पोटात आहे २०१५ चा आयईसीसी, तोही काही ठिकाणी सैल करून. राज्याची कोड कौन्सिल २०२१ च्या आवृत्तीवर आधारलेला नवा कोड तयार करत होती. तेवढ्यात २०२३ मध्ये विधिमंडळाने हाउस बिल ४८८ मंजूर केलं आणि घरांच्या ऊर्जा नियमांत २०३१ पर्यंत बदल नको असं ठरवून टाकलं. तेव्हाचे गव्हर्नर रॉय कूपर यांनी नकाराधिकार वापरला. ऑगस्टमध्ये विधिमंडळाने तो मोडीत काढला. म्हणजे तुमचं घर आज उभं राहतंय आणि त्याला लावलेली फूटपट्टी दहा वर्षांपूर्वीची आहे.

बांधकाम व्यावसायिकांची बाजूही सांगायला हवी, कारण ती पोकळ नाही. घराची किंमत थोडी वाढली तरी कर्ज मंजूर होण्याच्या काठावर असलेली काही कुटुंबं बाहेर फेकली जातात, असं ते म्हणतात. खरं आहे. पण कर्जाच्या हप्त्याचा हिशेब मांडताना विजेचं बिल हिशेबाबाहेर ठेवायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. साडेसहा टक्के व्याजाने तीस वर्षांच्या कर्जात तीन हजार डॉलर जास्त घेतले, तर हप्ता वाढतो महिन्याला साधारण १९ डॉलरने. त्या तीन हजारांनी महिन्याला १९ डॉलरहून जास्त वाचत असतील, तर ते घर पहिल्या महिन्यापासून स्वस्त पडलं. बँक हा हिशेब करत नाही. तुम्ही करा.

आता त्या चाचणीकडे येऊ. तुमच्या पत्राचा गाभा तोच आहे.

तिला ब्लोअर डोअर टेस्ट म्हणतात. मुख्य दाराच्या चौकटीत कापडी पडदा ताणून बसवतात, त्यात एक मोठा पंखा. खिडक्या-दारं बंद करून पंखा घरातली हवा बाहेर खेचतो, आत-बाहेरच्या दाबात ५० पास्कलचा फरक पडेपर्यंत. घरावर चहूबाजूंनी ताशी वीस मैलांचा वारा सुटावा, साधारण तसं. मग फटी-फटींतून हवा आत शिरायला लागते, आणि तेवढा दाब टिकवायला पंख्याला किती हवा ओढावी लागते त्यावरून गळती कळते. ताशी घरातली सगळी हवा किती वेळा बदलते तो आकडा म्हणजे एसीएच ५०.

तुमच्या घरापुरतं सांगते. २,४०० चौरस फूट, छत नऊ फूट धरलं तर २१,६०० घनफूट हवा. आकडा ५ आला तर मिनिटाला १,८०० घनफूट हवा फटींतून येतेय. ३ आला तर १,०८०. नमुना कोड २०१२ पासून तुमच्या हवामान विभागाला ३ ची मर्यादा घालतो आणि चाचणी सक्तीची करतो. मेरीलँडला चाचणी सक्तीची होती, म्हणून दिराला कागद मिळाला. तुमच्या राज्यात मर्यादा ५ ची, आणि तीही चाचणी करायची ठरवली तर. नाहीतर इन्स्पेक्टरने यादी हातात घेऊन डोळ्यांनी पाहिलं तरी चालतं.

डोळ्यांनी हवा दिसत नाही हो. मी गेली सतरा वर्षं हेच काम करते, तरी मला दिसत नाही. माझ्या पिशवीत यंत्रांबरोबर एक उदबत्तीचा पुडा कायम असतो. पंखा सुरू झाला की मी पेटती उदबत्ती घेऊन घरभर फिरते. प्लगच्या खोबणीपाशी, बाथरूमच्या पंख्याच्या कडेला, ॲटिकच्या, म्हणजे माळ्याच्या, झडपेखाली धूर एकदम आडवा होतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या घरमालकाचा चेहरा पडतो. एकाच वसाहतीत, एकाच आराखड्याची, शेजारशेजारची दोन घरं मी मोजली आहेत: एक ३ च्या आत, दुसरं ५ ला टेकलेलं. दोन्हीकडे तेच सामान, तीच जाडी. फरक एवढाच की एका घरात कुणीतरी फोमची बाटली घेऊन प्रत्येक भोकापाशी थांबलं होतं, आणि दुसऱ्या घरी त्या दिवशी घाई होती.

म्हणून माझं तुम्हाला पहिलं सांगणं: चाचणी मागा आणि तिचे पैसे स्वतः द्या. काही शे डॉलरचं काम आहे. ते रेटर करतो, म्हणजे घराची ऊर्जा तपासणारा स्वतंत्र तज्ज्ञ, भिंतींवर आतून ड्रायवॉलचे बोर्ड ठोकून झाल्यावर. राज्याने मागितली नाही म्हणून ती करायला बंदी नाही. पण केव्हा सांगताय, याला फार महत्त्व आहे. घर तयार झाल्यावर ‘आम्ही चाचणी करणार आहोत’ म्हणालात तर हाती फक्त एक आकडा लागेल. आज लेखी कळवलंत की ‘ड्रायवॉलनंतर आमचा रेटर ब्लोअर डोअर टेस्ट करेल, आकडा ३ च्या आत असावा अशी आमची अपेक्षा आहे’, तर ती ओळ साइट सुपरवायझरपर्यंत जाते, आणि तिथून फोम मारणाऱ्या माणसापर्यंत. तपासलं जाणार आहे हे माहीत असलं की हात वेगळे चालतात. करारावर सही झाली असल्यामुळे बिल्डर ३ ची हमी द्यायला बांधील नाही. नाही दिली तरी पत्र पाठवाच.

इन्सुलेशनचं थोडं वेगळं आहे. त्याची ताकद आर व्हॅल्यूने मोजतात, आकडा जितका मोठा तितकी उष्णता अडते. शार्लट हवामानाच्या ३ ए विभागात येतं. ए म्हणजे दमट. तिथे तुमच्या राज्याच्या कोडप्रमाणे बाहेरच्या भिंतीत आर-१५ चालतं, नमुना कोड आर-२० मागतो किंवा आर-१३ वर बाहेरून फोमचा थर. आर-२० साठी बहुधा जाड लाकूड लागतं, दोन बाय चारऐवजी दोन बाय सहा. पुढच्या आठवड्यात फ्रेमिंग आहे म्हणजे लाकूड येऊन पडलं असेल. तो विषय सोडून द्या. त्यावरून भांडण काढाल तर हरालही, आणि बाकीच्या विनंत्यांसाठी लागणारी सद्भावनाही खर्च होईल.

त्यापेक्षा ते आर-१५ नीट बसतंय का याकडे लक्ष द्या. कागदावर आर-१५ आणि भिंतीत आर-१५ यांत बरंच अंतर पडू शकतं. वायरच्या मागे दाबून कोंबलेली इन्सुलेशनची गादी, पाइपभोवती सोडलेली पोकळी, कोपऱ्यात कमी पडलेले दोन इंच, या सगळ्यांतून उष्णता वाट काढते. आमच्या धंद्यात बसवण्याला तीन श्रेण्या देतात, पहिली सगळ्यात चांगली. ऊर्जा खात्याने दहाएक वर्षांपूर्वी काही राज्यांत, त्यात तुमचंही होतं, बांधकाम चालू असलेल्या घरांत जाऊन प्रत्यक्ष मोजमाप केलं होतं. खिडक्या जवळजवळ सगळीकडे नियमात बसल्या. खिडकी कारखान्यात बनते आणि तिच्यावर लेबल असतं. सुधारायला वाव सापडला तो साइटवर हाताने होणाऱ्या कामांत, त्यात इन्सुलेशन नीट बसवणं आणि एसीची हवा नेणाऱ्या डक्टचे सांधे होते. तुमची नजरही तिकडेच असू द्या.

आता तुमच्या पत्रातल्या एका शब्दाने मला थांबवलं: बोनस रूम.

आमचं पहिलं घर असंच होतं, गॅरेजवर खोली असलेलं. तेव्हा मी या कामात नव्हते. पहिल्या हिवाळ्यात त्या खोलीत पाऊल ठेवलं की फरशी बर्फासारखी. मुलाची खोली होती ती. आम्ही जाड गालिचा टाकला, मग हीटर आणला, मग मुलालाच दुसऱ्या खोलीत हलवलं. बिल्डरने सांगितलं, गॅरेजवरची खोली थंड असायचीच, घर कोडप्रमाणे आहे. चौथ्या वर्षी गॅरेजचं छत कापून पाहिलं. इन्सुलेशन होतं, पूर्ण जाडीचं होतं. पण वरच्या फरशीला चिकटून असायला हवं होतं ते खाली लोंबकळून गॅरेजच्या छतावर पडलं होतं, आणि मधल्या पोकळीतून थंड हवा मजेत फिरत होती. इन्सुलेशन फरशीच्या खालच्या बाजूला टेकलेलं हवं, असं कोडमध्येच लिहिलंय. घर तरीही पास झालं होतं. दुरुस्तीला लागलेला खर्च सुरुवातीच्या नीट कामाच्या कितीतरी पट होता. चार हिवाळे मुलगा स्वतःच्या खोलीबाहेर राहिला, ते मला आजही टोचतं. या कामाकडे मी वळले ती त्या छतामुळे.

तेव्हा गॅरेजचं छत बंद होण्याआधी खाली उभं राहून वर टॉर्च मारा. गादी वर टेकलीय का, दोन तुळयांच्या टोकाला, जिथे गॅरेज संपून घर सुरू होतं, तिथे पोकळी फळी किंवा फोमने बंद केलीय का, हे पाहा. बोनस रूमला बुटक्या भिंती असतील तर त्यांची मागची बाजू ॲटिककडे उघडी राहते का, तेही पाहा. मागून पुठ्ठा किंवा फोमची शीट लागलेली हवी. हे सगळं करायला इंजिनियर असावं लागत नाही.

डक्टबद्दल. तुमच्याकडे उन्हाळ्यात ॲटिकचं तापमान १२० अंश फॅरेनहाइटच्या वर जातं, आणि बरेच बिल्डर एसीचे डक्ट तिथूनच नेतात. त्या भट्टीतून थंड हवा न्यायची, आणि सांधे सुटे असतील तर तीतली काही तिथेच सांडायची. नमुना कोडची मर्यादा आहे २५ पास्कल दाबाला दर १०० चौरस फुटांमागे मिनिटाला ४ घनफूट, म्हणजे तुमच्या घराला ९६. डक्टच्या गळतीचा अहवाल मागून घ्या आणि आकडा स्वतः वाचा. सांध्यांवर राखाडी लेप, ज्याला मॅस्टिक म्हणतात, तो जाडसर फासलेला दिसायला हवा. नुसती चिकटपट्टी असेल तर फोटो काढून विचारा.

आणि एसी केवढ्या क्षमतेचा बसवताय, त्यामागचा मॅन्युअल जे चा हिशेब दाखवा, असंही म्हणा. हा हिशेब कोडलाच लागतो. खोल्या, खिडक्या, दिशा, गळती धरून यंत्र किती टनांचं हवं ते त्यातून ठरतं. आपल्या लोकांना मोठा एसी मिळाला की आनंद होतो. दमट हवेत मोठा एसी घर झटकन गार करून बंद पडतो, आणि हवेतला ओलावा काढायला त्याला वेळच मिळत नाही. मग थर्मोस्टॅट ७४ दाखवतो आणि अंगाला चिकचिक सुटत नाही.

घट्ट घराबद्दल एक भीती मला प्रत्येक मराठी घरात ऐकू येते: ‘एवढं बंद केलं तर घुसमटणार नाही का?’ प्रश्न योग्य आहे. घट्ट घराला श्वास घ्यायला यांत्रिक व्यवस्था लागतेच, आणि कोडही ती मागतो. फटींतून येणारी हवा ॲटिकमधून, क्रॉलस्पेसमधून म्हणजे घराखालच्या बुटक्या पोकळीतून, गॅरेजमधून येते. तिला ताजी हवा म्हणवत नाही. बाहेरची हवा गाळून, मोजून आत आणणारा पंखा कुठे आहे, तो कसा चालतो, हे विचारून घ्या. आणि ओट्यावरचा हूड! फोडणीची चरचर सुरू झाली की तो धूर घराबाहेर गेला पाहिजे. पुष्कळ नव्या घरांत मायक्रोवेव्हला जोडलेला पंखा असतो, तो हवा जाळीतून फिरवून पुन्हा तुमच्याच तोंडावर सोडतो. बाहेर जाणारा डक्ट आत्ता भिंती उघड्या असताना घातला तर थोडक्यात होतं, नंतर कॅबिनेटं उतरवावी लागतात. हूड मिनिटाला ४०० घनफुटांच्या वरचा घेऊ नका, नाहीतर भरपाईची हवा आत आणायची वेगळी व्यवस्था करावी लागू शकते.

खिडक्यांना मी दोनच ओळी देते. लेबलवर यू फॅक्टर (काचेतून किती उष्णता जाते) आणि एसएचजीसी (उन्हाची किती उष्णता आत येते) असे दोन आकडे असतात, दोन्ही जितके लहान तितकं तुमच्या हवामानात बरं. लेबल काढून फेकायच्या आधी फोटो घ्या.

आता सहा हजारांचं. दिराचं बरोबर आहे, पण सगळे पैसे भिंतीत घाला असं मी म्हणणार नाही. मी असे पैसे लावताना एकच गोष्ट बघते: आधी काय झाकलं जाणार आहे. ॲटिकमधलं इन्सुलेशन पाच वर्षांनीही वाढवता येतं. यंत्राने वरून आणखी फुंकलं की झालं. तरी तुमच्याकडे कोड आर-३८ वर थांबतो आणि २०२१ चा नमुना कोड तुमच्याच विभागाला आर-४९ सांगतो, म्हणून आत्ताच आर-४९ चा भाव विचारून ठेवा. ट्रक आलेलाच असतो, फरक फार पडू नये. भिंतीची पोकळी, गॅरेजवरची फरशी, बाथटबच्या मागची बाहेरची भिंत, डक्टचे सांधे, हूडचा डक्ट हे मात्र एकदा झाकलं की झाकलं. टब बसायच्या आधी त्याच्या मागे इन्सुलेशन आणि त्यावर पुठ्ठा लागलाय का, हे तर हमखास राहून जातं. पहिला पैसा तिथे जावा. त्यानंतर स्वतःच्या रेटरच्या दोन फेऱ्या, एक ड्रायवॉलच्या आधी, एक शेवटी चाचणीसाठी. उरतील ते ओट्याला. आत्ता साध्या ओट्यावर भागवून तीन वर्षांनी क्वार्ट्झ बसवलात तर त्यात एक दिवस जातो; भिंत उघडायला महिना जातो आणि घर सोडून राहावं लागतं. तुम्ही रोज त्या ओट्यापाशी उभ्या राहणार आहात, तो आवडीचा असावा हे मला मनापासून मान्य आहे. पण आधी झाकलं जाणारं.

रेटरकडून एचईआरएस इंडेक्स, म्हणजे घराच्या ऊर्जावापराचा एक आकडा, तोही काढून घेता येतो. २००६ च्या आयईसीसीप्रमाणे बांधलेलं घर १०० वर धरतात, आणि वर्षाला जेवढी ऊर्जा वापरली तेवढी स्वतःच निर्माण करणारं घर ०. आपल्याला कमी आकड्याची सवय नाही, पण इथे ६० हा ७० पेक्षा चांगला. पुढे घर विकताना हा कागद कामाला येतो.

तुमच्याच राज्याच्या ऊर्जा कोडला एक ऐच्छिक परिशिष्ट आहे, हाय एफिशियन्सी रेसिडेन्शियल ऑप्शन, त्याला लाडाने ‘हिरो’ म्हणतात. सक्तीच्या नियमांपेक्षा वरचे आकडे त्यात दिलेले आहेत, राज्याच्याच शिक्क्याने. बिल्डरला विचारा, ‘तुम्ही हिरोप्रमाणे घरं बांधता का?’ बांधत नसेल तरी ते परिशिष्ट समोर ठेवून बोलता येतं. मग कुणी म्हणू शकत नाही की तुम्ही मेरीलँडचे नियम कॅरोलायनात आणताय. वीज कंपनी जास्त कार्यक्षम नव्या घरांना काही सवलत देते का, तेही त्याच फोनवर विचारून घ्या, कारण अशा सवलतींचा अर्ज बहुधा बांधकाम चालू असतानाच करावा लागतो.

राहता राहिली तुमच्या नवऱ्याची काळजी. ती मी हसण्यावारी नेणार नाही. परक्या देशात आपण ‘त्रासदायक गिऱ्हाईक’ ठरू नये म्हणून किती गोष्टी गिळतो, हे मला ठाऊक आहे. त्या थंड खोलीबद्दल मीही चार वर्षं गप्प बसले होते. पण त्यांचा एक मुद्दा खरा आहे: रोज एक प्रश्न विचारू नका. सगळे प्रश्न एकाच ईमेलमध्ये, एकदाच, आणि फोनवर जे बोलणं होईल तेही नंतर लिहून पाठवा. एजंटला नको, साइट सुपरवायझरला लिहा. एजंटचं काम घर विकणं होतं, ते झालं. ईमेलमध्ये ‘तुमचा कोड जुना आहे’ असलं काही नको. लिहायचं ते एवढं: इन्सुलेशन लागून झाल्यावर आणि ड्रायवॉलच्या आधी आम्हाला रेटरसोबत एक तास घर पाहायचं आहे, तो दिवस कृपया दोन दिवस आधी कळवा; ब्लोअर डोअर टेस्ट आमच्या खर्चाने होईल; डक्टच्या गळतीचा अहवाल, मॅन्युअल जे आणि हूडच्या डक्टचा भाव पाठवा. चार ओळी. चांगला सुपरवायझर यावर चिडत नाही. मी उलटं पाहिलंय: मालक बघतोय म्हटल्यावर तोच आपल्या कामगारांना सांगतो, ‘या घराला नीट करा.’

काउंटीचा इन्स्पेक्टर वाईट नसतो. त्याला एका दिवसात बरीच घरं पाहायची असतात आणि त्याचं काम पास की नापास एवढंच आहे. तुमच्या बाजूने घर पाहणारं त्या साइटवर तुमच्याशिवाय कुणीच नाही.

ताबा घेताना एक कागद शोधा. कोडप्रमाणे घरात ऊर्जेचं प्रमाणपत्र लावलेलं असायला लागतं, विजेच्या पॅनेलवर, ॲटिकमध्ये किंवा स्वयंपाकघरातल्या एखाद्या कपाटाच्या आत. त्यावर भिंतीचं, छताचं, फरशीचं आर, खिडक्यांचे आकडे आणि गळतीची माहिती असते. ते कोरं असेल किंवा नसेलच, तर भरून लावेपर्यंत क्लोजिंगच्या कागदांवर सही करू नका.

ईमेल आज रात्रीच पाठवा, फ्रेमिंग सुरू व्हायच्या आधी. आणि इन्सुलेशनच्या दिवशी दोघंही जा. टॉर्च न्या, मोजपट्टी न्या, प्रत्येक भिंतीचा पूर्ण फोटो घ्या, खोलीचं नाव कागदावर लिहून तो कागद फोटोत धरा. पुढे खिळा ठोकताना वायर कुठे आहे हेही त्यातून कळेल. गॅरेजच्या छताचे फोटो मला पाठवा. त्या खोलीत मूल झोपणार असेल, तर आधी ते.